आजीचं हाक मारायचं नाव, नातीच्या जन्मदाखल्यावर

दादर-पार्ल्यापासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत हल्ली बारशाला गेलं, की आत्याच्या तोंडून गोदा, सई, जिजा, रमा अशी नावं ऐकू येतात. क्वचित छबी आणि बयोसुद्धा. काल-परवापर्यंत जी नावं स्वयंपाकघरात आणि माजघरात हाक मारण्यापुरती होती, ती आता महापालिकेच्या दाखल्यावर चढताहेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तिचं कारण जुन्या इतिहासात आहे.

आपल्याकडे मुलीला नावं बऱ्याचदा दोन-तीन असत. पत्रिकेतलं एक, पाळण्यातलं एक आणि हाकेचं वेगळंच. गोदावरीची गोदू, यमुनेची यमू, शकुंतलेची शकू, नलिनीची नलू. रागावलं की त्याचंच गोदे, यमे, शके. पण आखूड नाव म्हणजे दुय्यम नाव, असं पूर्वी नव्हतं. शिवाजी महाराजांच्या राणीसाहेब सईबाई, मुली सखूबाई आणि राणूबाई, सून येसूबाई. संत जनाबाईही अभंगात स्वतःला ‘जनी’च म्हणवते. पुढे सुमन, कुमुदिनी, नलिनी अशी संस्कृत वळणाची नावं शाळेच्या रजिस्टरात आली आणि सखू-येसू घरात राहिल्या.

त्यातून लग्न झालं की कागदावरचं नावही मुलीचं उरत नसे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, आणि त्या घटकेपासून सासरी तेच. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. दोघींचा जन्म १८६०च्या दशकातला. पहिली मुंबईच्या सेवासदनाची अध्यक्ष झाली, दुसरी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली. दोघींचीही जगाला ठाऊक असलेली नावं लग्नानंतरची. अशा बायकांना जन्मापासूनच्या नावाने हाक मारणारी माणसं फक्त माहेरी असायची. आई-वडील, भावंडं गेली की ते नावही जायचं. म्हणून पणजीचं नाव ठेवायचं तर सासरी बदललेलं नाही, माहेरी हाक मारायचे ते ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईने यात स्वतःचीही भर घातली. पारशी घरांत इंग्रजी वळणाची लाडाची नावं रुळली होती. १९००मध्ये इथे जन्मलेल्या रतनबाई पेटिट (पुढे जिनांच्या पत्नी) ‘रट्टी’ म्हणूनच ओळखल्या गेल्या. बोलपटांच्या श्रेयनामावलीत बालकलाकारांच्या नावामागे ‘बेबी’ लागू लागलं, बेबी शकुंतला हे त्यातलं गाजलेलं नाव. चाळीचाळींतून बेबी, बेबीताई, बेबीमावशी झाल्या. ते नाव अजून कुणी पुन्हा ठेवत नाही, ठेवायला हरकत नाही.

मात्र सगळीच जुनी नावं मायेची नाहीत, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘जनी’, ‘भागी’ ही घरात लाडाची हाक. तीच वाड्यावरून दलित बाईला मारली की तिला ‘बाई’ म्हणायचं नाही म्हणून मारलेली. शूद्राचं नाव तिरस्कार वाटेल असं असावं, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातच लिहिलं आहे. दगडू, कचरू, धोंडी ही नावं घेऊन पिढ्या जगल्या. अशा घरांनी भारदस्त नाव झगडून मिळवलं. तिथे जुन्या हाकेची हौस नसेल, तर ती का नाही हे समजून घ्यायला हवं. ‘नकुशी’ तर विचारूच नका. २०११मध्ये साताऱ्यात २८०हून अधिक नकुशींची नावं समारंभाने बदलावी लागली.

तरीही दलित चळवळीच्याच इतिहासात लाडाच्या नावाचं सर्वांत हृद्य उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पत्नी रमाबाईंना ‘रामू’ म्हणत. १९३५मध्ये दादरच्या राजगृह या घरी त्यांचं निधन झालं. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत नाव छापलं ते ‘रामू’. त्यामुळे आज मुंबईत कुणी मुलीचं नाव रमा ठेवलं, तर एका घरात रानड्यांची रमा आठवते, दुसऱ्यात माता रमाई.

आता कागदाचं. जन्मनोंदणी नावाशिवायही होते. १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो, म्हणजे त्यावरचं नावच पुढे सगळीकडे जाणार. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवला आहे. चार नावांच्या त्या ओळीत दोन अक्षरी गोदा किंवा सई नेटकी बसते. दाखल्यावर गोदावरी लिहून घरात गोदा म्हणायचं, हा जुना मार्गही खुला आहेच. मात्र पुढे कागदावर गोदाच हवं झालं, तर राजपत्रात नावबदल करावा लागेल.