हजेरीचा पगार

विदर्भातील तालुक्याच्या गावी कापूस खरेदी केंद्रावर नोकरीला असलेल्या माणसाने ‘पगार मिळतो, पण दिवसभर काही काम नसते’ अशी तक्रार केली, तर ऐकणारा त्याला नशीबवान म्हणून मोकळा होतो. एक भाऊ पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपेपर्यंत राबून शेवटी सोसायटीच्या कर्जाशी झुंजतो आणि दुसरा खुर्चीवर बसून महिन्याच्या महिन्याला पगार घेतो, अशा घरात दुसऱ्याला आपला त्रास बोलून दाखवण्याची सोय नसते. तरीही हा त्रास खरा आहे, आणि तो कसा उपजला हे समजून घ्यायचे तर पगार नेमका कशाचा मिळतो, याचे उत्तर या भागात वेळोवेळी कसे बदलत गेले ते पाहावे लागते.

कामाशिवाय उत्पन्न ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. निजामाच्या अमलात परगण्याची महसूलवसुली देशमुख-देशपांडे पाहत आणि त्याबद्दल वसुलीतला ठरावीक हिस्सा घेत. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर वसुलीचा व्यवहार गावपाटलाशी थेट होऊ लागला आणि देशमुखांच्या हातचे काम गेले, पण अनेक घराण्यांकडे हक्काच्या रकमा चालू राहिल्या. गावपाटलाचे वतनी पदही पुढे १९६२ च्या कायद्याने संपले. या वतनदारांपैकी कोणी रिकामपणाने हैराण झाल्याचे ऐकिवात नाही. त्यांना मिळणारे पैसे मानाचे होते आणि त्यांच्या बदल्यात त्यांचा दिवस कोणी विकत घेतलेला नव्हता. वाड्यात बसावे, शेतावर चक्कर मारावी, वाटल्यास पंढरीला जावे. मस्टरवर सही करायला कोणी बोलावत नव्हते.

मस्टर आले ते गिरण्यांबरोबर. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला, अचलपूर इथल्या कापड गिरण्यांनी भोंग्यावर चालणारा दिवस आसपासच्या खेड्यांच्या अंगवळणी पाडला. त्यानंतर १९५३ साली कामगार कायद्यात ले-ऑफच्या भरपाईची तरतूद आली. कच्चा माल, कोळसा किंवा वीज नसल्याने मालक काम देऊ शकला नाही, तर पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळावी, मात्र त्याने दिवसातून निदान एकदा ठरल्या वेळी गिरणीवर हजर झाले पाहिजे, असा तिचा आशय होता. या तरतुदीने कित्येक घरांतली चूल पेटती ठेवली, हे मान्यच आहे. पण काम आणि हजेरी यांची फारकतही तीत स्पष्ट लिहिली गेली होती.

या फारकतीचे सर्वांत ठळक उदाहरण कापूस एकाधिकार खरेदी योजनेत सापडते. १९७१ च्या कायद्याने राज्यात शेतकऱ्याकडून कापूस विकत घेण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला आणि १९७२ च्या हंगामापासून खरेदी सुरू झाली. १९८४ मध्ये कापूस उत्पादकांचा स्वतंत्र पणन महासंघ स्थापन झाल्यावर ही जबाबदारी त्याच्याकडे आली. हंगामात केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागे, शेतकरी बैलांसह रात्र तिथेच काढत आणि ग्रेडर त्या गर्दीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस असे. ढिगातून मूठभर कापूस उपसून धाग्याची लांबी, ओलावा, रंग आणि पाल्याचे प्रमाण तो बोटांनी आणि नजरेने जोखत असे, आणि त्याने लावलेल्या प्रतीवर एका कुटुंबाचा वर्षाचा हिशेब ठरत असे. या अधिकाराचा गैरवापर झाला, त्यावरून केंद्रांवर भांडणे झाली, हेही लपवण्यासारखे नाही. शेजारच्या राज्यांत भाव चढा असला की कापूस चोरवाटांनी सीमा ओलांडे आणि केंद्रावरची बंड्यांची रांग विरळ होई, परंतु कामाला तोटा पडला असे सहसा होत नसे. उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा रिकामा काळ हंगामाच्या थकव्यानंतर कोणाला सलतही नसे.

२००२ मध्ये खासगी व्यापाराला वाट मोकळी झाली आणि चित्र पालटले. महासंघ आधारभूत किमतीने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान हमीभावाने खरेदी करणारा एक अभिकर्ता उरला, आणि आधारभूत खरेदीचा स्वभावच असा की बाजार पडला तरच तिला काम मिळते. २०२१-२२ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ५,७२६ रुपये व लांब धाग्याची ६,०२५ रुपये होती, आणि बाजारात भाव १०,००० रुपयांच्या वर गेला. व्यापारी खेडा खरेदीसाठी थेट अंगणात काटा लावत असताना सरकारी केंद्रावर कापूस नेण्याचे कारणच उरले नाही. शेतकऱ्याचे भले झाले की आपण बिनकामाचे ठरतो, ही ग्रेडरची कोंडी मला साध्या रिकामपणाहून अधिक बोचणारी वाटते. बोटांत वीस वर्षांचे कसब आहे आणि समोर जुन्या आवक नोंदवह्या.

अचलपूरच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरणीत हीच गोष्ट वेगळ्या कारणाने घडली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरातील २३ गिरण्यांची यंत्रे थांबली, त्यांत हीही होती. कामगारांनी थकलेले वेतन मागितले, पण त्याच्या जोडीला गिरणी सुरू करा, ही मागणीही त्यांनी लावून धरली.

युरोपात पगार असून काम नसण्याच्या या अवस्थेला २००७ मध्ये दोन स्विस सल्लागारांनी ‘बोरआऊट’ असे नाव दिले, आणि २०२० मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने अशाच एका प्रकरणात कर्मचाऱ्याला कामाविना ठेवणे हा छळाचा भाग मानून भरपाई दिली. आपल्याकडे कामाचा हक्क कायद्यात आला तो पगारदारासाठी नव्हे. राज्याच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामीण मजुराला काम मागण्याचा अधिकार दिला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा लागतो, म्हणजे काम न देता दिलेला पैसा ही तिथे सरकारने दिलेली चुकीची कबुली असते. मजूर आजही ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून काम मागू शकतो. केंद्रावरच्या ग्रेडरसाठी असा कोणताही नमुना छापलेला नाही. त्याच्यापुढे असते ते मस्टर, आणि त्यावरची सही सकाळीच होऊन गेलेली असते.