नवा राउटर घेण्याआधी हे वाचा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, दांडिया बाजार, बडोदा

दुकानात येऊन कुणी ‘चांगला राउटर दाखवा’ म्हणालं की आम्ही आधी विचारतो, नेट जातं म्हणजे नेमकं काय होतं? सगळ्या घरात जातं की एकाच खोलीत? दिवसभर त्रास असतो की संध्याकाळीच? आणि त्या वेळी नेट कंपनीच्या डब्यावरचा दिवा कोणत्या रंगाचा असतो? एवढं कळलं की बरेचदा लक्षात येतं, राउटर बदलायची गरजच नाही. गरज नसताना माल गळ्यात मारला तर माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही, आणि आमची बरीच गिऱ्हाइकं याच भागातली, घरोब्याची. म्हणून हे पत्रक.

आधी दिवे बघा

फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवर कंपनीचा एक डबा असतो, त्याला ओएनटी म्हणतात. त्यावर ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला, तर काचेच्या तारेतून प्रकाशच आत येत नाही असं समजा. मग राउटर कितीही भारी आणा, उपयोग नाही. कंपनीत तक्रार नोंदवा. १४ आणि १५ जानेवारीच्या उत्तरायणानंतर आम्हाला असे फोन हमखास येतात. गच्चीवरून गेलेल्या केबलीत मांजा अडकतो, कुणीतरी तो ओढतं आणि तार मोडते.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप वायरीने थेट डब्याला जोडा आणि वेग मोजा. तिथे पूर्ण वेग मिळतोय पण फोनवर नाही, तर दोष वायफायचा. वायरीवरही कमीच येतोय, तर कंपनीशी बोला. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

वाड्यातली भिंत

इथून जवळच्याच एका वाड्यातली गोष्ट. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माडी. विटांच्या भिंती, दीड-दीड फुटी. केबल पुढच्या दारातून आत येते म्हणून राउटर ओटीवर. नातवाचा अभ्यास माडीवर, आणि नेमकं तिथेच ऑनलाइन क्लासमध्ये सरांचा चेहरा गोठायचा. काकूंनी चार अँटेनांचा नवा राउटर आणून लावला. काडीचा फरक पडला नाही.

आमचा मुलगा फोनवर सिग्नल मोजत घरभर फिरला. ओटीवर उणे ४२, माजघराच्या उंबऱ्यावर उणे ६३, जिन्याच्या मधल्या पायरीवर उणे ७६, माडीवरच्या टेबलापाशी उणे ८५. हे आकडे डीबीएमचे, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायच्या एककाचे. उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल अशक्त. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून बरा सिग्नल लागतो.

अँटेना वाढवून इथे भागत नाही, कारण राउटरने किती जोरात सिग्नल सोडायचा यावर सरकारी मर्यादा असते. शिवाय फोनलाही राउटरपर्यंत उत्तर पोचवायचं असतं, आणि त्याची ताकद राउटरपेक्षाही कमी. म्हणून आम्ही जिन्याच्या कडेने १८ मीटर कॅट-६ वायर ओढली आणि काकूंचाच जुना राउटर माडीवर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा डबा) म्हणून लावला. त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद केला, वायर लॅनच्या (घरातल्या वायरींच्या) पोर्टमध्ये घातली, नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवला. टेबलापाशी उणे ४८ आलं. काकूंना खर्च आला तो वायरीचा आणि मजुरीचा.

वायर ओढणं शक्यच नसेल तेव्हा मेश घ्या, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे. स्वस्त रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा) आम्ही शक्यतो सुचवत नाही. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. मेशचे डबेसुद्धा वायरीने एकमेकांना जोडता आले तर उत्तम.

मांजलपूर, गोत्री, वासणा रोडकडच्या फ्लॅटमध्ये अडचण वेगळी. तिथे भिंती पातळ, पण शेजारपाजारचे दहा-पंधरा राउटर एकाच वेळी बोलत असतात. घरचं वायफाय सहसा दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल (बोलायच्या वाटा) तीनच: १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की तिथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्‌झ भिंतीतून कमी जातं, पण त्यात जागा ऐसपैस. म्हणून फ्लॅटमध्ये फोन, टीव्ही, लॅपटॉप ५ वर ठेवा आणि लांबचा कॅमेरा किंवा स्मार्ट प्लग २.४ वर. नुसत्या २.४ चा राउटर आज कुणीही घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

खोक्यावरचा आकडा आणि मागचं पोर्ट

खोक्यावर ‘एसी १२००’ छापलेलं असतं. हा २.४ वरचे ३०० एमबीपीएस (नेटच्या वेगाचं एकक) आणि ५ वरचे ८६७ मिळून केलेला हिशेब. तुमचा फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो, आणि प्रत्यक्षात छापील वेगाच्या साधारण निम्मा मिळाला तरी राउटर चांगला म्हणायचा. ‘एएक्स १५००’ म्हणजे ३०० आणि १२०१. हा वायफाय ६ चा राउटर, आणि घरात आठ-दहा उपकरणं असतील तर आम्ही हाच सुचवतो; बऱ्याच जणांना एकाच वेळी सांभाळणं त्याला चांगलं जमतं. वायफाय ७ चे राउटरही आले आहेत, पण ते पेलणारा फोन-लॅपटॉप हाताशी नसेल तर त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

आता जिथे लोक सर्वात जास्त फसतात ते. खोक्यावर १२००, आणि मागची पोर्टं मात्र १०/१०० ची, म्हणजे फार तर १०० एमबीपीएसची. असा राउटर ३०० एमबीपीएसच्या प्लॅनवर लावला तर वेग ९४ च्या आसपास येऊन थांबतो आणि वर चढतच नाही. स्पीड टेस्टमध्ये दर वेळी ९३-९४ दिसत असेल तर आधी पोर्ट तपासा, मग वायर. आठातली एखादी तार तुटलेली असली तरी हाच आकडा येतो. प्लॅन १०० च्या वरचा असेल तर ‘गिगाबिट’ (१००० एमबीपीएस) हा शब्द पोर्टांबद्दल छापलाय याची खात्री करूनच पैसे द्या.

फायबरवाल्यांनी मोडेम-राउटर घेऊ नये. तो टेलिफोनच्या तारेसाठी असतो. साधा राउटर घ्या आणि तो ओएनटीला जोडा. दोन्ही डबे राउटरचं काम करू लागले तर घरचा कॅमेरा बाहेरून दिसत नाही, ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) अडखळतं. अशा वेळी कंपनीला ओएनटी ब्रिज मोडवर टाकायला (म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करायला) सांगा, नाहीतर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर चालवा.

सारखा बंद-चालू होणारा राउटर

दिवसातून चार वेळा आपोआप रीस्टार्ट होणारा राउटर आमच्याकडे आला की आम्ही पहिल्यांदा ॲडॅप्टर हातात घेतो. जुना ॲडॅप्टर रिकामा असताना १२ व्होल्ट दाखवतो. भार पडला की खाली येतो आणि राउटर मरतो. राउटरच्या तळाशी ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ असं लिहिलेलं असतं. ॲडॅप्टरचे व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिन बसली म्हणून सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर लावू नका. नवा घेताना त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.

वीज गेल्यावरही नेट हवं असेल तर छोटा डीसी यूपीएस (बॅटरीचा डबा) पुरतो. त्यावरचा ‘८८०० एमएएच’ हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे साधारण ३२ वॉट-तास. राउटर आणि ओएनटी मिळून १२ वॉट घेत असतील तर सव्वादोन-अडीच तास धरा, त्याहून जास्त कुणी सांगितलं तर मानू नका. आणि यूपीएसवर दोन्ही डबे हवेत, एकटा राउटर चालू ठेवून नेट येत नाही.

कुठे ठेवायचा

घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीच्या वर, मोकळ्या हवेत. लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीच्या पाठीशी, मायक्रोवेव्हजवळ नको. आपल्याकडचा मे महिना लक्षात घेऊन त्यावर विणलेला रुमाल घालू नका. राउटर तापला की मंदावतो. खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक विनंती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा बैठ्या टेबलावरचे आणि सॉकेटलगतचे डबे पहिल्यांदा गेले. राउटर, ओएनटी आणि त्यांचा प्लग तिन्ही भिंतीवर उंच घ्या. पाण्यात गेलेला ॲडॅप्टर वाळवून पुन्हा लावू नका, टाकूनच द्या.

छोट्या ऑफिससाठी

बिलिंगचा संगणक, प्रिंटर आणि टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा असलेलं मशीन वायरीवरच ठेवा. नोंद करताना वायफाय क्षणभर तुटलं तर डेटा बिघडण्याची भीती असते, आणि मार्चअखेरीस ते कुणाला परवडणार? येणाऱ्या-जाणाऱ्यांना गेस्ट नेटवर्कचा (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायचा) पासवर्ड द्या, आतला नको. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) पत्र्याच्या शेडमध्ये घरगुती राउटर पुरत नाही. तिथे छताला लावायचा, वायरीतूनच वीज घेणारा ॲक्सेस पॉइंट लागतो. त्यासाठी जागा पाहिल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही.

पासवर्ड आणि अपडेट

राउटरच्या सेटिंगचा ‘ॲडमिन’ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. सुरक्षेत डब्ल्यूपीए ३ (वायफायच्या कुलपाचा प्रकार) असेल तर ते, नसेल तर डब्ल्यूपीए २, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद. खरेदीआधी राउटर बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा. दोन-तीन वर्षांत काहीच आलं नसेल तर तो राउटर स्वस्त असला तरी आम्ही दुकानात ठेवत नाही.

दुकानात येताना

ओएनटीच्या दिव्यांचा आणि मागच्या पोर्टांचा फोटो, प्लॅन किती एमबीपीएसचा आहे तो आकडा आणि कागदावर हाताने काढलेला घराचा नकाशा आणा. भिंत कुठे जाड आहे, केबल कुठून येते, नेट कुठे अडकतं, एवढं त्यात असलं तरी पुरे. जुना राउटर आणि त्याचा ॲडॅप्टरही पिशवीत घालून आणा. तपासून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.