मुतखडा फोडायला येताय? आधी एवढं वाचा

सेंटरला आलं की बरेच जण पहिलं हेच विचारायलेत, मशीननं खडा विरघळतो का हो? विरघळत नाही, फुटतो. आणि फुटलेला चुरा लघवीवाटे तुम्हालाच बाहेर काढायचाय, ते काम मशीनचं नाही.

यात चीर नाही, टाका नाही. तुम्ही टेबलावर झोपायचं, पाठीला किंवा कुशीला जेली लावून पाण्यानं भरलेली उशी टेकवतो आणि एक्सरे नाहीतर सोनोग्राफीवर खडा धरतो. भिंगानं ऊन एका जागी गोळा करावं तशा शॉक वेव्ह, म्हणजे आवाजाच्या जोरदार लाटा, खड्यावर एकवटतात, मधलं मांस पाण्यासारखंच मऊ म्हणून त्यातून त्या सहसा आरपार जातात, खडा टणक, तो तडकतो. टक टक टक आवाज येत राहतो, मिनिटाला ६० ते ९० ठोके, सगळे मिळून दोन-तीन हजार, पाऊण-एक तास धरा. दुखू नये म्हणून आधी इंजेक्शन देतो, तरी टिचकी मारल्यासारखं लागतं, उगं खोटं कशाला सांगा.

ही आयडिया विमानवाल्यांची बरं का. जर्मनीतली डॉर्निए कंपनी, अतिवेगानं जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की काय होतं याचा अभ्यास करत होती, त्यातून हे निघालं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या पेशंटचा मुतखडा असा फोडला. तेव्हा माणसाला पाण्याच्या टबातच बसवायचे.

सगळ्यांना जमत नाही हे. किडनीतला खडा साधारण दोन सेंटिमीटरच्या आत पाहिजे, आणि किडनीच्या खालच्या कप्प्यात असला तर एकाच्या आत, कारण तिथला चुरा वर चढून बाहेर यायला लई कुरकुर करतो. सीटी रिपोर्टात एचयू म्हणून आकडा असतो, तो १००० च्या वर गेला की खडा टणक, अशाला दुर्बिणीचं ऑपरेशन बरं, पैसे दोनदा कशाला घालवता. चार-पाच मिलिमीटरचा असला तर बहुतेक वेळा आपोआप पडतो, तेवढ्यासाठी आम्ही मशीन लावत नाही. गरोदर बाई, लघवीत इन्फेक्शन, बीपी हाताबाहेर, यांनाही नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर आधी सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरला विचारूनच.

पित्ताशयातले खडे? त्यालाही करा ना, असं म्हणतात लोक. १९८५ ला म्युनिकलाच तेही करून पाहिलं होतं, सोबत महिनोन् महिने गोळ्या. पण पाणी कितीही प्या, पित्ताशय काही धुऊन निघत नाही, तुकडा पित्तनळीत अडकला तर कावीळ, स्वादुपिंडाला सूज, आणि पित्ताची पिशवी तशीच राहते म्हणून खडे परत होतात. पुढं दुर्बिणीनं पिशवीच काढायला लागले आणि हे मागं पडलं. म्हणून त्याला आम्ही सरळ सर्जनकडं पाठवतो.

झाल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका. गाळणीतून लघवी करा, जे कण पडतील ते डबीत ठेवून आणा, तपासल्यावर खडा कशाचा होता ते कळतं. कळ मात्र येऊ शकते, चुरा नळीत एकामागं एक अडकतो कधीकधी. कळ आणि सोबत थंडी-ताप आला, किंवा लघवीच बंद झाली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

पाणी इतकं प्या की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, त्यात रानात काम करणारे, ऊसतोडीला जाणारे, घामातच सगळं जातं, बाया तर लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. दूध सोडायची गरज नाही, मीठ-पापड-लोणचं कमी करा. हुलग्याचं माडगं आवडतं तर प्या, बिअर पिऊन खडा पडतो हे मात्र डोक्यातून काढा.

येताना सीटीची फिल्म आणा, नुसता कागद नको. चालू गोळ्यांची पाकिटं आणा, उपाशीपोटी या आणि घरचं कोणीतरी सोबत पाहिजे, इंजेक्शननंतर मोटारसायकल चालवत जाऊ देत नाही आम्ही.