प्रीमियर किंवा फायनल कटमधलं काम कलरसाठी पाठवताना

एडिट तुमच्याकडे प्रीमियर प्रो किंवा फायनल कटवर होतं, कलर, म्हणजे रंगांचं काम, आमच्याकडे दाविंची रिझॉल्व्हवर. मध्येच काम अडतं ते बहुतेक वेळा एका समजुतीमुळे: प्रोजेक्ट फाइल दिली म्हणजे सगळं दिलं. त्या फाइलमध्ये सहसा व्हिडिओ नसतो. कुठल्या फोल्डरमधली कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत लावायची, एवढा हिशेब असतो. तो एकटाच आला की आमची स्क्रीन लालभडक: ‘मीडिया ऑफलाइन’.

म्हणून तीन गोष्टी एकाच डिस्कवर द्या: मूळ फुटेज, टाइमलाइनची एक्सएमएल फाइल (कटांचा हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरला कळेल अशा रूपात) आणि एडिटचा पाहण्यापुरता व्हिडिओ.

फुटेज कार्डवर आहे तसं अख्खं उतरवा. सोनीच्या कार्डवर क्लिपशेजारी क्लिपची माहिती ठेवणाऱ्या छोट्या एक्सएमएल फाइली दिसतात, त्या कचरा समजून काढू नका. एव्हीसीएचडी कॅमेऱ्यात लांब शॉट तुकड्यांत साठतो. त्या तुकड्यांच्या नुसत्या एमटीएस फाइली ओढून घेतल्या तर सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो.

नावांचा घोळ सगळ्यात महाग पडतो. मेंदीच्या कार्डवर ‘सी०००१’ आणि लग्नाच्या कार्डवरही ‘सी०००१’, त्यात दोन्हींचा टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा) शून्यापासून. रिझॉल्व्ह नाव आणि टाइमकोड पाहूनच क्लिप जोडतं. अंतरपाट दूर होतो तिथे मेंदीचा हात येतो आणि एररही दिसत नाही. म्हणून प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर करा. क्लिपची नावं बदलायची तर एडिट सुरू होण्याआधी, नंतर अजिबात नाही.

डिस्कचा फॉरमॅट एक्सफॅट ठेवा. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. मॅकची एपीएफएस डिस्क विंडोज जादा सॉफ्टवेअरशिवाय वाचत नाही. फॅट३२वर ४ जीबीची फाइल मावत नाही. एक्सफॅटची एकच खोड: इजेक्ट न करता केबल उपटली तर फाइली खराब होऊ शकतात.

मोबाइलचं शूटिंग असेल तर थांबा. मोबाइलचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) शूट चालू असताना कमीजास्त होतो, म्हणून लांब भाषणात ओठ आणि आवाज हळूहळू फाकतात. एडिटला बसण्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून क्लिप बदलून घ्या. एडिट हलकं चालावं म्हणून क्लिप प्रोरेस ४२२ या फॉरमॅटमध्ये करणार असाल, तर १०८०, सेकंदाला २५ फ्रेमला तासाला साधारण ५५ जीबी धरा. त्यानं चित्र सुधारत नाही, फक्त कॉम्प्युटरचा दम वाचतो.

प्रीमियरमधून एक्सएमएल काढण्याआधी सीक्वेन्सची (टाइमलाइनची) प्रत करा. प्रतीवर मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांची एकत्र जोडलेली क्लिप) ‘फ्लॅटन’ करा, बंद ठेवलेले ट्रॅक काढा, मग फाइल, एक्स्पोर्ट, ‘फायनल कट प्रो एक्सएमएल’. हे नाव फसवं आहे: ही जुन्या फायनल कट ७ची पद्धत. आजचं फायनल कट जी एफसीपीएक्सएमएल देतं ती वेगळी. प्रीमियर ती वाचत नाही, रिझॉल्व्ह दोन्ही वाचतं.

कट, साधे डिझॉल्व्ह, जागा आणि आकार एक्सएमएलमधून येतात. वॉर्प स्टॅबिलायझर (हलणारा शॉट स्थिर करणारा इफेक्ट), प्लगइन, टायटल येत नाहीत. कमीजास्त होणारा स्पीड अनेकदा चुकीचा येतो. असे शॉट प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये रेंडर करून वरच्या ट्रॅकवर जागच्या जागी ठेवा. १०८०च्या टाइमलाइनवर ४के क्लिप असेल तर ‘स्केल टू फ्रेम साइझ’ टाळा: स्केल १००च दिसतो, त्यामुळे आमच्याकडे शॉटचा आकार चुकू शकतो. ‘सेट टू फ्रेम साइझ’ वापरा, म्हणजे ३८४०च्या क्लिपला ५० हा आकडा येतो आणि तो एक्सएमएलमध्ये उतरतो.

पाहण्याच्या व्हिडिओत कोपऱ्यात टाइमकोड छापा. तुम्ही केलेला कलर त्यात राहू द्या. लुमेट्री (प्रीमियरमधलं कलरचं साधन) आमच्यापर्यंत पोचत नाही, तुमच्या मनात काय होतं ते तरी कळेल.

परत देताना प्रत्येक शॉटला दोन्ही बाजूंना २५ फ्रेम जादा देतो, मूळ क्लिपमध्ये तेवढ्या असतील तर. कट त्यापेक्षा जास्त सरकणार असेल, तर तो शॉट कलरला देतानाच सांगा.