वेष, वस्त्र आणि हरवलेला 'स'

'वेष' आणि इंग्रजीतलं 'वेस्ट' (vest, बंडी) एकाच मुळातले असणार, असं ऐकताक्षणी वाटतं. पण तसं नाही. 'वेष'ची व्युत्पत्ती 'विष्' धातूकडे नेतात. 'वेस्ट' आलं लॅटिन 'वेस्तिस'वरून (कपडा), आणि त्याचं सख्खं भावंड म्हणजे आपलं 'वस्त्र'. दोघांचं मूळ *वेस्, 'अंगावर घालणे'. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतलं असं तारांकित रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही; वंशज भाषा ताडून ते मांडलेलं असतं.

याच मुळातून संस्कृत 'वस्ते', हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली एक प्राचीन भाषा) 'वश्श-', ग्रीक 'हेन्नुमी' आणि इंग्रजी 'वेअर' (wear) आले. मग 'वेअर'मधला 'स' गेला कुठे? इंग्रजीची पूर्वज असलेल्या प्राचीन जर्मानिक बोलीत लगतच्या आधीच्या अक्षरावर आघात नसेल, तर 'स'चा 'झ' होई. इंग्रजीत त्याचा 'र' झाला. हा नियम 1870च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर यांनी शोधला. पुरावा मिळतो वैदिक संस्कृतात: 'वासयति'मध्ये (नेसवतो) आघात 'वा'वर नाही, 'स'वर आहे. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका 'र'चं कारण वेदपाठात जपलेलं आहे!

लोकरीच्या शब्दात उलटी गंमत आहे. संस्कृत 'ऊर्णा', लॅटिन 'लाना', लिथुआनियन 'विल्ना' यांच्या आरंभी जे काही नाही, ते हित्ती 'हुलाना'त आहे: घशातला एक जुना उच्चार. असे लुप्त ध्वनी भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी 1879 मध्ये निव्वळ तर्काने मांडले होते. हित्तीतल्या 'ह'शी त्या ध्वनींची सांगड भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी 1927 मध्ये घातली. कोळ्याचं वैदिक नाव 'ऊर्णवाभि', म्हणजे लोकर विणणारा. त्यातला 'वाभ्' आणि इंग्रजी 'वीव्ह' (weave, विणणे) दोन्ही *वेभ्चे. पुढे 'वाभि' दुर्बोध झाला आणि लोकांनी तिथे 'नाभि' बसवली.

सारखेपणा घरातही फसवतो. 'वस्त्र' आणि 'वस्ती' यांचे धातू वेगळे. 'कातणे' आणि 'कात्री' यांचेही: एक सूत काढण्याचा, दुसरा कापण्याचा.

आणि 'कार्पास' (कापूस)? ग्रीक 'कार्पासोस' त्याच्याशी तंतोतंत जुळतो, हीच संशयाची जागा. वारशाने आलेल्या ग्रीक शब्दांत दोन स्वरांमधला 'स' गळतो. इथे तो टिकला, म्हणजे शब्द उसना, बहुधा मालाबरोबर आलेला.

त्या पूर्वज भाषेत लोकरीचा शब्द होता म्हणून लोकरीचं कापडही होतं, असं मात्र लगेच म्हणता येत नाही. सुरुवातीच्या पाळीव मेंढ्या राठ केसांच्या होत्या. तेव्हा हा शब्द केसांखालच्या मऊ लवेचाही असू शकतो.