डाळिंबाचा लाल रंग आणि शाळेतली निळी गोळी

मुलगी फिकट दिसू लागली की सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला: "डाळिंब द्या, रक्त वाढतं." आपल्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथलंच, त्यामुळे अभिमान साहजिक आहे. पण तो लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, लोहाचा नव्हे. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असतं. तेवढ्याच ज्वारीत ४ मिलिग्रॅमच्या आसपास. मग भाकरीवर वाढणाऱ्या मुली फिकट का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींत रक्तक्षय आढळला.

एक कारण ताटातच आहे. ज्वारीतलं फायटेट नावाचं द्रव्य लोहाला धरून ठेवतं आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा उरलंसुरलं अडवतो. मटकीला मोड आणले की फायटेट घटतं, वर लिंबू पिळलं की लोह विरघळतं. खरी गंमत मात्र पुढे, आतड्यात.

आतड्याच्या पेशीत शिरलेलं लोह रक्तात उतरण्यासाठी फेरोपोर्टिन नावाच्या एकाच दारातून जातं. त्या दारावर हुकूम चालतो यकृतात तयार होणाऱ्या हेपसिडिनचा. अवघ्या २५ अमिनो आम्लांचा हा रेणू फेरोपोर्टिनला चिकटला की पेशी ते दारच मोडीत काढते. लोह आत अडकतं आणि तीन ते पाच दिवसांत ती पेशी गळून पडली की तिच्यासकट शौचावाटे बाहेर जातं. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी चावीवाल्याने व्हॉल्व्ह सोडला नाही तर गल्लीतल्या नळाला थेंब येत नाही, तसंच हे.

हा चावीवाला व्हॉल्व्ह कधी बंद करतो? शरीरात लोह पुरेसं असेल तेव्हा, आणि संसर्ग झाला तेव्हाही. दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-६ हा निरोप यकृतापर्यंत पोहोचतो, हेपसिडिन वाढतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतंच, म्हणून शरीर ते मुद्दाम दडवून ठेवतं. म्हणजे सारखी ताप-जुलाबाने आजारी पडणाऱ्या मुलीला दिलेली लोहाची गोळी बरीचशी वायाच जाते.

शाळेतलं आरोग्य म्हणजे नुसती लोहाची साप्ताहिक निळी गोळी नव्हे, ते इथे कळतं. हात धुण्याच्या जागी साबण आहे का, स्वच्छतागृहाला पाणी आहे का, पोरं अनवाणी हिंडतात का (हुकवर्म हा जंत पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो), जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी खरंच चघळली जाते का, खिचडी शिजवणाऱ्या ताईंना लिंबं मिळतात का, हे सगळं त्या एकाच दाराशी येऊन भिडतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनेस्कोने २०२१ मध्ये आरोग्यवर्धक शाळेचे आठ निकष मांडले. त्यांत शाळेचं धोरण, इमारत, शाळेतलं वातावरण, गावाचा सहभाग हेही येतं. आपल्याकडे २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमात शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायचं ठरलं. कल्पना चांगली आहे. पण ते दोघे प्रभातफेरी आणि भित्तिपत्रकांतच अडकले आणि नळ कोरडाच राहिला, तर हेपसिडिनला त्याचं काय?

गोळीने शौच काळं होतं म्हणून "ही गोळी बाधते" अशी कुजबुज होते. तो रंग न शोषल्या गेलेल्या लोहाचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि 'महिन्यात रक्त दुप्पट' म्हणणाऱ्या पावडरींवर पालकांनी पैसे घालवू नयेत.

आणखी एक. सुट्टीमुळे गोळी राहिली म्हणून पुढच्या आठवड्यात दोन एकदम देऊ नयेत. मोठ्या मात्रेनंतर हेपसिडिन साधारण दिवसभर वाढलेलं राहतं आणि जादा लोह आतड्यातच पडून पोट ढवळतं. पुढच्या आठवड्याची एकच गोळी, जेवणानंतर, पाण्याबरोबर; चहा तास-दोन तासांनी.