यंत्र बसवलं म्हणजे डॉक्टर चोवीस तास पाहत असतात?

‘हृदयात यंत्र आहे ना, मग काळजी कसली? दवाखान्यात सगळं दिसतंच!’ हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या, रुग्णांमध्ये हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि तो चुकीचा आहे.

आयसीडीसारखं (ठोक्यांची लय धोकादायकरीत्या बिघडली तर झटका देऊन ती सुधारणारं) यंत्र आपल्या नोंदी साधारणपणे रात्री, पलंगाजवळच्या ट्रान्समीटरमार्फत पाठवतं. त्या सहसा कामाच्या वेळेतच उघडल्या जातात. फुप्फुसाच्या धमनीत बसवून तिथला रक्ताचा दाब मोजणाऱ्या कार्डिओमेम्स सेन्सरला तर बॅटरीच नसते. रुग्ण रोज खास उशीवर पडून मोजणी करतो तेव्हाच दाब कळतो. कंटाळा केला, तर आकडाही नाही.

मग उपयोग काय? धाप लागण्याच्या बऱ्याच आधी हा दाब चढू लागतो, तेवढ्यात गोळ्या बदलता येतात. या सेन्सरच्या २०११ च्या ‘चॅम्पियन’ नावाच्या चाचणीत ५५० रुग्ण होते आणि सेन्सर सगळ्यांनाच बसवला होता. पण ज्या गटाचे आकडे डॉक्टरांना दिसत होते, त्याच गटात हार्ट फेल्युअरमुळे दाखल होण्याचं प्रमाण सहा महिन्यांत २८ टक्क्यांनी कमी राहिलं. नुसत्या सेन्सरने काही साधत नाही!

छातीत दुखलं, चक्कर आली, धाप अचानक वाढली तर दवाखान्याच्या फोनची वाट पाहू नका. रुग्णवाहिका तुम्हालाच बोलवायची आहे.